प्लेन टी-शर्ट घेताना '१८० जीएसएम, बायोवॉश, १००% कॉटन' याच्या पलीकडे काय पाहायचं?

दिग्रस_रोड
राम राम मंडळी. तालुक्याच्या गावात १५ बाय १५ इंची हीट प्रेस (गरम पाटानं छपाई दाबायचं मशीन) आहे, डीटीएफ ट्रान्सफर (फिल्मवर छापलेलं, मागं गोंदाची पावडर लावलेलं डिझाइन) नागपूरहून छापून येतात. मंडळं, शाळा, क्रिकेटच्या टीमा हे काम चालूच आहे. आता वऱ्हाडी म्हणींचा स्वतःचा ब्रँड काढून रायलो. पहिला लॉट दीडशे नगांचा. अडचण अशी की प्लेन मालवाले सगळेच एक वाक्य म्हणतात: १८० जीएसएम, बायोवॉश, १००% कॉटन. भाव मात्र एकाचा दुसऱ्याले जुळत नाही. फरक कशात हाय, अन् तो घरबसल्या कसा ओळखायचा? दुसरं, ओव्हरसाइजमध्ये २४० घ्यावं की नाही? साइजचं गणितही सांगा.

होजिअरी_काका
भाऊ, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, बस. सूत कसं आहे आणि वीण घट्ट की सैल, हे त्या आकड्यात दिसत नाही. साधारण ३० नंबरच्या सुतात १४० ते १६०, २४ नंबरमध्ये १८० च्या आसपास आणि २० नंबरमध्ये २००-२२० चं सिंगल जर्सी (टी-शर्टाचं नेहमीचं एकेरी विणीचं कापड) बसते. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. हाच १८० चा आकडा जाड सूत सैल विणूनही गाठता येते, आणि तिथंच भाव पडते. सैल विणीचं कापड हातात मऊ लागते, गिऱ्हाईक खूश होते. पण धुतल्यावर तेच जास्त आटते आणि तेच पिळा घेते.

मालवाल्याला हे विचारा:

सूत कोम्ब्ड आहे की कार्डेड? कोम्ब्डमध्ये आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत आणि छपाईची कड साफ. ओपन एंड (वेगळ्या, झटपट पद्धतीनं कातलेलं) सूत स्वस्त पडते, पण खरबरीत असते.

कापड कॉम्पॅक्टिंग केलेलं आहे का? विणताना आणि रंगवताना कापड लांबीत ताणलं जाते. कॉम्पॅक्टिंग मशीन ते वाफेवर परत दाबून बसवते. ही पायरी गाळली की लांबीत आठ-दहा टक्के आटणं काही विशेष नाही. नीट केलेला माल तीन ते पाच टक्क्यांत राहते.

गळ्याच्या रिबमध्ये (गळ्याच्या ताणणाऱ्या पट्टीत) लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, आहे का? नसेल तर चार धुण्यांत गळा सुटते, आणि छपाई शाबूत असली तरी गिऱ्हाईक टी-शर्टालाच नावं ठेवते. खांद्यापासून खांद्यापर्यंत आतून टेप लावलेली असावी, बाही आणि घेराला दुहेरी सुईची शिलाई.

बायोवॉशबद्दल एवढंच. ती सेल्युलेज नावाच्या एन्झाइमची धुलाई आहे. कापसाच्या पृष्ठभागावरचं बारीक लव ते खाऊन टाकते. म्हणजे ते कापसावर चालते, पॉलिस्टरवर नाही. पॉलिस्टरच्या मालावर कोणी 'बायोवॉश' लिहिलं असेल तर त्याच्या बाकी शब्दांवरही किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. एन्झाइम जास्त वेळ चाललं तर कापड कमजोर होते. खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात का पाहा.

प्रेसवाली_ताई
काकांचं बरोबर आहे, पण मालवाला प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणणार. म्हणून प्रत्येकाकडून एकाच रंगाचे तीन-तीन नमुने मागवा. एक कापायला, एक छापून धुवायला, आणि एक जसाच्या तसा ठेवायला. लॉट आला की त्याच्याशी ताडून पाहता येतो.

कापायच्या नगाचं असं करायचं. पुठ्ठ्याचा १० सेंमी बाय १० सेंमी चौकोन स्टीलच्या पट्टीने काटेकोर कापा. टी-शर्ट टेबलावर न ताणता पसरा, चौकोन ठेवून बारीक पेनाने आखा आणि मगच कापा, कारण जर्सीचं कापड कापल्याबरोबर कडेला वळतं. पोटावरून, पाठीवरून आणि बाहीवरून असे तीन तुकडे घ्या. गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवा, त्यावर दहा मिलिग्रॅमपर्यंत वजन कळतं. १.८० ग्रॅम म्हणजे १८० जीएसएम. लांबी आणि रुंदी प्रत्येकी एक मिलिमीटरने चुकली तर उत्तरात दोन टक्के फरक पडतो, तेव्हा कात्री सांभाळून.

कापूस हवेतला ओलावा धरतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत १८० चा माल चार-सहा ग्रॅमने कमी भरू शकतो. तेवढ्यावरून भांडू नका. १६२ भरला तर मात्र भांडा.

उरलेल्या तुकड्यातून पाच-सहा धागे ओढून जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो आणि राखाडी, बोटाने चुरडली जाईल अशी राख राहते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि काळा कडक मणी होतो. मिक्स असेल तर जळतंही आणि टोकाला खडाही राहतो. मात्र व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू) कापसासारखंच जळतं, ते या चाचणीत सापडत नाही.

दिग्रस_रोड
सोनाराच्या काट्याची आयडिया भल्ली झाली ताई. अन् धुवायच्या नगाचं?

प्रेसवाली_ताई
छापण्याआधी पाठीवर २५ सेंमी बाय २५ सेंमीचा चौकोन पक्क्या मार्करने आखा. पुढून तुमचं नेहमीचं ट्रान्सफर लावा. एक दिवस थांबा आणि मग तुमचं गिऱ्हाईक धुतं तसंच धुवा: बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवणं, घासणं, पिळणं, उन्हात दोरीवर टाकणं. मशीनच्या नाजूक धुण्यावर पास झालेला माल गावच्या धुण्यावर पास होईलच असं नाही. तीन वेळा धुऊन चौकोन मोजा. २४ भरला तर चार टक्के आटला, चालेल. २३ भरला तर आठ टक्के, तो माल परत.

आटण्याचा प्रश्न फक्त साइजचा नाही. ट्रान्सफरची फिल्म आटत नाही, कापड आटतं. मग छपाईच्या कडेने चुण्या पडतात, मधला भाग फुगल्यासारखा दिसतो, आणि दोष डीटीएफवाल्याच्या माथी येतो.

त्याच वेळी बाजूची शिवण पाहा. धुतल्यावर ती पोटाकडे सरकली असेल तर खाली घेराजवळ किती सरकली ते मोजा. ७० सेंमी लांबीच्या टी-शर्टात साडेतीन सेंमी म्हणजे पाच टक्के. त्याच्या आत असेल तर घ्या. जास्त असेल तर छातीवर मधोमध लावलेली ओळ गिऱ्हाइकाच्या अंगावर तिरपी दिसेल.

मेळघाट_साइड
काळा, मरून अन् नेव्ही घेत असाल तर ओलं पांढरं फडकं वीस वेळा घासून पाहा. फडक्यावर रंग आला की समजायचं, घामानं बनियन रंगणार.

होजिअरी_काका
आणि एक थेंब पाण्याचा टाका. पाणी लगेच शोषलं तर ठीक. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर बहुतेक वेळा सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारलेला असते. दुकानात असा माल लोण्यासारखा लागते, पण गोंदाची पकड त्यावर कमी बसते. डीटीएफची कड चार-पाच धुण्यांत उचलली जाण्यामागे हे एक कारण असते, आणि बिचारी पावडर बदनाम होते.

अचलपूर_स्पोर्ट्स
मंडळाच्या ऑर्डरले कॉटन परवडतच नाही राजेहो. गणपती, दुर्गोत्सव, १४ एप्रिल, कबड्डीचे सामने, सगळीकडं भाव आधी विचारते. तिथं डॉट निटचं (ठिपक्यांच्या विणीचं) पॉलिस्टरच चालते. सबलिमेशन (उष्णतेनं शाई थेट धाग्यात शिरवायची छपाई) मारा अन् मोकळे व्हा.

प्रेसवाली_ताई
दादा, जर्सीसाठी पॉलिस्टर योग्यच आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सबलिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि तेही पांढऱ्या किंवा फिकट रंगावर. त्यात पांढरी शाई नसते, त्यामुळे निळ्या जर्सीवर पांढरं नाव सबलिमेशनने येणार नाही. १९५ ते २०० अंशांवर ४५ ते ६० सेकंद, शाईसोबतच्या माहितीच्या कागदावर जे लिहिलं असेल ते पाळायचं. कापसावर हीच छपाई पहिल्या धुण्यात निघून जाते, कारण त्या शाईला धरायला पॉलिस्टरच लागतं.

गडद पॉलिस्टरवर डीटीएफ लावायचं असेल तर खरी डोकेदुखी रंग वर चढण्याची. पॉलिस्टरचा रंग डिस्पर्स जातीचा असतो. उष्णता मिळाली की त्याची वाफ होते आणि ती पांढऱ्या शाईत शिरते. मरून आणि लाल सगळ्यात वाईट: पांढरी अक्षरं प्रेसवरून काढली तेव्हा पांढरीशुभ्र, दुसऱ्या दिवशी गठ्ठा उघडला तर गुलाबी. उपाय असे: ट्रान्सफर मागवतानाच कमी तापमानाची पावडर मागा, १३० अंशांच्या आसपास दाबा, गरम टी-शर्ट एकावर एक रचू नका, आणि पूर्ण ऑर्डरच्या आधी एक नग दाबून वर वजन ठेवून रात्रभर ठेवा. सकाळी अक्षर पांढरंच असेल तर पुढे चला. शक्य असेल तर रंग रोखणारा करडा किंवा काळा थर असलेलं ट्रान्सफर घ्या. ते महाग असतं, पण लाल जर्सीवर त्याला पर्याय नाही.

पॉलिस्टरवर प्रेसच्या पाटाची चौकोनी चकाकी उमटते, तीही पाहून घ्या. दाब कमी करा, आत फोमचं पॅड ठेवा.

अचलपूर_स्पोर्ट्स
१४ एप्रिलच्या निळ्यात एवढा त्रास होत नाही पण.

प्रेसवाली_ताई
लाल-मरूनपेक्षा कमी होतो, हे खरं. पण रॉयल ब्लूच्या प्रत्येक लॉटचा रंग सारखाच पक्का असतो असं समजू नका. एक नग दाबून रात्रभर ठेवायला खर्च काय आहे?

ब्रह्मपुरीवाला
२४० जीएसएमबद्दल कोणी बोलून नाही रायलं म्हणून लिहितो. ओव्हरसाइज, ड्रॉप शोल्डर (खांद्याची शिवण दंडावर उतरलेली), लूप निट हे पुण्या-मुंबईच्या एसीत छान दिसते. आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते. एप्रिल ते जून २४० चा माल दुकानात टांगलेलाच राहणार. उन्हाळ्यासाठी १८० च ठेवा, आणि ओव्हरसाइज पाहिजेच असेल तर २०० ते २१० सिंगल जर्सी. २४० दिवाळीनंतर काढा, थंडीत विकते.

होजिअरी_काका
यात थोडं वेगळं मत आहे. ओव्हरसाइजचा आकार कापडाच्या वजनावर उभा राहते. १८० च्या कापडात ड्रॉप शोल्डर शिवला की खांदा लोंबते, आणि 'मोठ्या भावाचा टी-शर्ट घातला' असं दिसते. म्हणून एकतर २२० च्या पुढे जा नाहीतर नेहमीचा फिट ठेवा. मधलं धेडगुजरी नको. गरम होते ते वजनापेक्षा विणीमुळे: त्याच वजनात मागून लूप असलेलं फ्रेंच टेरी अंगाशी जास्त हवा अडवते, घट्ट सिंगल जर्सी कमी.

ब्रह्मपुरीवाला
काका, मे महिन्यात दुपारी दोन वाजता चौकात २२० घालून उभे राहा, मग विणीबद्दल बोलू.

दिग्रस_रोड
हाहा. बरं, साइज? मालवाल्याचा एल अन् दुसऱ्याचा एल जुळत नाही.

प्रेसवाली_ताई
अक्षरावर जाऊच नका, इंचावर मागा. टी-शर्ट सपाट ठेवून बगलेच्या एक इंच खाली आडवं मोजा आणि दुप्पट करा. नेहमीच्या फिटमध्ये बरेच जण एम ला ४०, एल ला ४२, एक्सएल ला ४४, डबल एक्सएल ला ४६ इंच धरतात. काही जण एकेक साइज खाली सरकवून विकतात, म्हणजे ४० लाच एल चं लेबल. अर्धा इंच इकडेतिकडे शिलाईत होतं. पूर्ण एक इंच कमी असेल तर तो माल आखूड कापलेला आहे.

वजनावरूनही ओळखता येतं. १८० जीएसएमचा एल, २८ इंच लांबीचा, साधारण १७० ते १८० ग्रॅम भरतो. दहा नग एकत्र काट्यावर ठेवा. दीड किलोच भरले तर जीएसएम तरी कमी आहे नाहीतर माप तरी.

मंडळाच्या साठ नगांसाठी, यादी न मिळाल्यास, एस ५, एम १५, एल २०, एक्सएल १४, डबल एक्सएल ६ अशी विभागणी बऱ्यापैकी जमते. ब्रँडसाठी मात्र एस आणि डबल एक्सएल पहिल्या लॉटमध्ये कमीच ठेवा. शाळेच्या ऑर्डरला हे गणित लागू नाही. तिथं वर्गावर जाऊन प्रत्येक पोराची छाती मोजल्याशिवाय पैसे घेऊ नका.

गांधीबाग_फेरी
खरेदी कुठून यावर. दीडशे नगांसाठी थेट तिरुप्पूरला (तमिळनाडूतलं होजिअरीचं मोठं केंद्र) जायची घाई नको. नागपूरला गांधीबाग-इतवारी, अमरावतीला नांदगाव पेठेकडची ठोक मार्केटं, इथं कापड हातात घेऊन पाहता येते, आणि खराब निघाला तर त्याच दिवशी परत करता येते. भाव थोडा चढा, पण भाडं आणि वाट पाहणं वाचते. (कापूस आपल्या शेतातून जाते आणि टी-शर्ट होऊन तिरुप्पूरहून परत येते. असो.)

पाचशेच्या पुढं गेलं की तिरुप्पूरचा भाव दिसायला लागते. तिथं तयार रंगांचा स्टॉक सेटमध्ये मिळते, प्रत्येक रंगात साइजचं प्रमाण ठरलेलं. स्वतःचा रंग पाहिजे तर किलोत बोलावं लागते. शंभर किलो कापडातून कटाईची तूट धरून साडेचारशे-पाचशे नग निघतात, म्हणजे एका रंगात तेवढे विकायची तयारी असली पाहिजे.

एका मंडळाचा माल एकाच डाय लॉटचा (एकाच वेळी रंगवलेल्या कापडाचा) घ्या आणि बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. नंतर वीस नग वाढले आणि दुसऱ्या लॉटमधून आले की निळा निळ्याला जुळत नाही. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, फोटोत मात्र ओळीत उभे राहिले की पटकन दिसते. म्हणून सुरुवातीलाच पाच टक्के नग जास्तीचे मागवा.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. विणलेल्या टी-शर्टचा एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा कोड) ६१०९. कच्च्या बिलात पाच टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण तुमचा जीएसटी नंबर असेल तर तो परतावा गेला आणि खराब मालावर तक्रार करायला कागदही उरला नाही.

मेळघाट_साइड
पाण्याचंही धरा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी खारं, साबणाला फेस नाही. पांढरा टी-शर्ट थोड्याच धुण्यांत मळकट करडा दिसते, अन् गिऱ्हाईक म्हणते कापड हलकं होतं. त्या भागात ऑफ व्हाइट, सँड (वाळूचा रंग), राखी मेलांज (फिकट-गडद तंतू मिसळलेला राखाडी) जास्त टिकते. नमुना धुवायचा तर तिथलंच पाणी आणून धुवा.

दिग्रस_रोड
राखी मेलांज १००% कॉटन असते का?

होजिअरी_काका
सहसा नाही. त्यातला गडद तंतू बऱ्याचदा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस असते, साधारण दहा-पंधरा टक्के. लेबलवर '१००% कॉटन' छापायच्या आधी विचारून घ्या. डीटीएफला त्याने काही बिघडत नाही.

अचलपूर_स्पोर्ट्स
प्रेसबद्दल एक सांगतो, कारण दोष प्लेन मालाले जाते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर येते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. म्हणजे २३० वर १८०० वॅटची प्रेस १८० वर अकराशेच्या आसपासच ओढते. पडद्यावर १५५ दिसते, पण थंड टी-शर्ट ठेवला की पाट लवकर सावरत नाही, अन् चौथ्या-पाचव्या नगाले चिकट अर्धवट बसते. दोन नगांमध्ये थांबा, इन्फ्रारेड थर्मामीटरनं मध्य अन् चारही कोपरे मोजा. मोठी ऑर्डर सकाळी काढा.

प्रेसवाली_ताई
पावसाळ्यात यात भर म्हणजे कापसातला ओलावा. ट्रान्सफर ठेवायच्या आधी रिकामा टी-शर्ट पाच सेकंद दाबा, वाफ निघून जाऊ द्या. मग १५० ते १६० वर १२ ते १५ सेकंद, फिल्म ज्या प्रकारची असेल त्याप्रमाणे गरम किंवा थंड सोला, आणि वर टेफ्लॉन कागद ठेवून पुन्हा पाच-आठ सेकंद. बटणं, जाड शिवण, गळ्याची रिब पाटाखाली येऊ देऊ नका. तिथं पाट उचलला जातो आणि शेजारच्या अक्षरावर दाबच पडत नाही.

दिग्रस_रोड
समजलं. दीडशेत रंग किती ठेवू? सात-आठ रंगांचा विचार होता.

गांधीबाग_फेरी
तीन. काळा, ऑफ व्हाइट, आणि एखादा बॉटल ग्रीन किंवा नेव्ही. आठ रंग गुणिले चार साइज म्हणजे बत्तीस खाने, प्रत्येकात चार-पाच नग. एल संपला की तो रंगच बंद पडल्यासारखा. तीन रंगांत प्रत्येक खान्यात बारा-तेरा नग येतात. आणि सगळे छापून ठेवू नका. प्लेन माल कोणत्याही म्हणीला चालते, छापलेला फक्त एकाच. ट्रान्सफर प्लॅस्टिकच्या बंद डब्यात, दमट हवेपासून लांब ठेवा आणि विकेल तसं दाबा.

प्रेसवाली_ताई
गळ्यावर मालवाल्याचं लेबल नसलेला किंवा सहज फाडून निघणारा माल मागा. आत साइज आणि कापडाची माहिती असलेलं दोन इंचाचं छोटं ट्रान्सफर लावता येतं. मोठ्या डिझाइनच्या शीटवर रिकाम्या जागेत ते बसवून घ्या, वेगळे पैसे पडत नाहीत. रिबवर नको, रिबच्या खाली पाठीच्या कापडावर लावा. रिब ताणली की ते तडकतं.

दिग्रस_रोड
शेवटचं. माल आल्यावर दीडशेच्या दीडशे उघडायचे का?

गांधीबाग_फेरी
दीडशे असतील तर हो, सगळे. गठ्ठा सोडतानाचा व्हिडिओ घ्या, लॉट नंबर आणि पार्सलची चिठ्ठी दिसली पाहिजे. प्रत्येक नग उजेडासमोर धरून भोकं, सुटलेला टाका, तेलाचा डाग, सुईची उभी रेघ पाहा. मग राखून ठेवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून रंग आणि माप जुळवा. बिघडलेले वेगळे काढा, मोजा, त्याच दिवशी फोटोसकट कळवा. आणि त्यांच्यावर काहीही छापू नका. एकदा ट्रान्सफर लागलं की कोणताच मालवाला तो नग परत घेत नाही.